खांद्याची हाडं: मानवाकृती काढणाऱ्यांसाठी

मानवाकृती शिकताना खांदा चुकतो तो पहिल्या दोन मिनिटांतच. छातीची पेटी काढून झाली की तिच्या वरच्या दोन कोपऱ्यांना हात चिकटवले जातात. हात खाली लोंबत असेपर्यंत हे खपून जातं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात आकृत्या लहान असतात, अंगात सदरा असतो, तिथेही खपतं. पुढे कला महाविद्यालयात फाउंडेशनला किंवा बीएफएला समोर उघड्या अंगाचा माणूस बसला आणि त्याने हात वर केला, की सगळं उघडं पडतं.

खऱ्या शरीरात हात छातीला जोडलेला नसतोच. दंडाचं हाड जोडलेलं असतं फऱ्याला, म्हणजे स्कॅप्युलाला. फरा जोडलेला असतो क्लॅव्हिकलला, म्हणजे कॉलरबोनला. आणि क्लॅव्हिकल गळ्याच्या खळग्याशेजारी स्टर्नमला, छातीच्या मधल्या हाडाला, एका लहानशा सांध्यात टेकलेलं असतं. अख्ख्या हाताचा धडाशी हाडाला हाड लागून असलेला संबंध एवढाच. बाकी सगळं काम स्नायूंवर चालतं, आणि फरा बरगड्यांवर नुसता सरकत असतो. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी छाती, मग तिच्यावर सुटी बसवलेली क्लॅव्हिकल-फऱ्याची जोडी, आणि सगळ्यात शेवटी हात. हात शेवटी काढायची सवय लागली तरी निम्मा खांदा सुधारतो.

साहित्य फारसं लागत नाही. २बी आणि ४बी पेन्सिल, एक लाल रंगाची पेन्सिल, न्यूजप्रिंट किंवा साधा कार्ट्रिज, थोडा ट्रेसिंग पेपर आणि जाड पुठ्ठा. लाल पेन्सिल फक्त हाडांसाठी राखून ठेवा. कातडीची रेघ आणि हाडाची रेघ एकाच रंगात काढली की थोड्या वेळाने कुठली कुठली ते आपल्यालाच कळत नाही.

आधी बोटाने, मग पेन्सिलने

बनियन काढून आरशासमोर उभे राहा. उजव्या हाताचं बोट गळ्याच्या खळग्यात ठेवा. खळग्याच्या दोन्ही बाजूंना दोन गाठी लागतील, ती क्लॅव्हिकलची आतली टोकं. त्यांच्यात दोन ते अडीच सेंटिमीटरची फट असते. दोन्ही क्लॅव्हिकल मधोमध एकमेकांना चिकटवली तर मान बारकी दिसते आणि खळगा नाहीसा होतो. ही फट विसरू नका.

आता बोट डाव्या क्लॅव्हिकलवरून बाहेरच्या दिशेने न्या. पहिली दोन तृतीयांश लांबी पुढे फुगलेली लागते. पुढची एक तृतीयांश मागे वळते आणि तिथे बोट आत गेल्यासारखं वाटतं. वरून पाहिलं तर इंग्रजी एस अक्षराची लांबवलेली वळी दिसेल. जाडीही बदलते. आतलं टोक जाड आणि गोलसर, बाहेरचं टोक वरून-खालून चपटं. बोट पुढे सरकवलं की एक बारीक उंचवटा लागतो आणि त्यानंतर लगेच सपाट जागा. हा उंचवटा म्हणजे क्लॅव्हिकलचा शेवट आणि ती सपाट जागा म्हणजे ॲक्रोमियन, फऱ्याचंच पुढे आलेलं टोक. काही जणांत हा उंचवटा डोळ्यांनाही स्पष्ट दिसतो, काहींत बोटालाच कळतो.

ॲक्रोमियनच्या मागच्या कोपऱ्यावरून बोट पाठीकडे वळवा. एक कडा तिरपी खाली आणि आत जाताना लागेल. तिला फऱ्याचा कणा म्हणतात. पाठीच्या कण्याशी घोळ होऊ नये म्हणून इथे तिला फऱ्याची कड म्हणू. आपला हात तिथवर पुरत नाही, तेव्हा दुसऱ्याच्या पाठीवर शोधा. मान खाली घातली की मानेच्या पायथ्याशी जो सगळ्यात मोठा मणका वर येतो तो मानेचा सातवा. तिथून खाली पाठीचे तीन मणके मोजा. फऱ्याची कड आतल्या बाजूला साधारण या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर सुरू होते, आणि फऱ्याचं खालचं टोक सातव्याच्या पातळीवर येतं. फरा पाठीवर दुसऱ्या ते सातव्या बरगडीपर्यंत पसरलेला असतो. खालचं टोक सापडत नसेल तर त्या माणसाला हात पाठीमागे कमरेवर ठेवायला सांगा. टोक लगेच कातडीखालून उचलून येतं.

एवढं चाचपून झालं की कागदावर चार खुणा करता यायला हव्यात: गळ्याचा खळगा, ॲक्रोमियन, फऱ्याच्या कडेची सुरुवात आणि फऱ्याचं खालचं टोक. माणूस जाड असो, बारीक असो, पैलवान असो, या चार जागा शोधल्या की सापडतात. स्नायूंची नावं पाठ करण्यापेक्षा या चार खुणा पक्क्या करणं जास्त कामाचं.

मापं

डोक्याची उंची एकक धरायची. प्रौढ पुरुषात ती सुमारे २२ ते २३ सेंटिमीटर. क्लॅव्हिकल साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे डोक्याच्या दोन तृतीयांश. फऱ्याची उभी आतली कडाही (मणक्याकडची बाजू; वर सांगितलेली तिरपी कड वेगळी) साधारण तेवढीच, आणि खालचं टोकदार कूर्चेचं टोक सोडलं तर स्टर्नमही त्याच्याच आसपास. तीन वेगळी हाडं एका मापात बसतात, हे चित्रकाराच्या पथ्यावर पडणारं आहे. फऱ्याची रुंदी सुमारे १० सेंटिमीटर. हात सैल सोडून उभं राहिल्यावर दोन फऱ्यांमधलं अंतर १२ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे पाठीवर फरा, मोकळी जागा, फरा असे ढोबळ मानाने सारखे तीन भाग पडतात.

एका ॲक्रोमियनपासून दुसऱ्यापर्यंतची हाडांची रुंदी पुरुषात साधारण पावणेदोन डोकी, डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा गोलसर स्नायू, धरून दोन. बायकांत हाडांची रुंदी दीड डोक्याहून थोडी जास्त, क्लॅव्हिकल आखूड, बारीक आणि कमी वळणाचं. खळगा हनुवटीच्या खाली डोक्याचा एक तृतीयांश. ही मापं सुरुवात करायला आहेत. समोर बसलेला माणूस त्यांत बसत नसेल तर माणूस खरा.

वरून बघितलेला आराखडा

हा भाग बहुतेक जण टाळतात, आणि खांद्याचं अर्धं कोडं यातच आहे. समोरून काढण्याआधी खांदा डोक्यावरून बघितल्यासारखा काढा.

कागदावर छातीचा आडवा छेद काढा. हा लांबट गोल, पुढून-मागून दबलेला, आणि मागच्या बाजूला मणक्यापाशी थोडा आत गेलेला. पुढच्या बाजूला मधोमध स्टर्नमची खूण. तिथून क्लॅव्हिकल बाहेर जाईल, पण सरळ बाजूला जाणार नाही. ते मागे झुकतं, साधारण ३० अंशांनी. काहींत २० अंशच असतं. मागून फरा येतो. तोही पाठीला समांतर नसतो. छातीच्या गोलाईवर टेकलेला असल्यामुळे बाहेरच्या बाजूला पुढे झुकलेला असतो, साधारण ३० अंशच. दोन्ही बाहेर एकमेकांना भेटतात तिथे ६० अंशांच्या आसपास कोन होतो. हा कोन हीच खांद्याची खरी रचना.

घड लागलेल्या केळीला बांबूचा टेकू देतात, तसं क्लॅव्हिकल खांद्याला छातीपासून दूर धरून ठेवतं. ते आहे म्हणून हात बाजूला जातो, डोक्यावर जातो, पाठीमागे जातो. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत, जिथे घोड्यांचा बाजार भरतो, घोडे काढायला बसलात तर हे उलट बाजूने कळेल. घोड्याला क्लॅव्हिकल नसतंच, बैलालाही नसतं. त्यांचे फरे छातीच्या दोन्ही बाजूंना उभे, पायाच्या रेषेत असतात, आणि धड दोन फऱ्यांच्या मधे स्नायूंनी तोललेलं असतं. म्हणून पुढचा पाय पुढे-मागे झोकात जातो, बाजूला फारसा जात नाही. माणसाचा फरा पाठीवर आणि जनावराचा बरगड्यांच्या बाजूला, हा फरक एकदा शेजारी शेजारी काढून बघा. दत्तजयंतीच्या सुमाराला ती यात्रा भरते आणि एका जागी इतके घोडे वर्षात पुन्हा बघायला मिळत नाहीत.

६० अंशांचा कोन डोक्यात बसवायला पुठ्ठ्याचं काम करा. १५ बाय १० सेंटिमीटरचा त्रिकोण कापा. सगळ्यात आखूड बाजू वर, सगळ्यात लांब बाजू मणक्याकडे, टोक खाली. त्याच्या वरच्या भागावर, आतल्या कडेच्या वरून साधारण चौथ्या हिश्शावर सुरू होऊन बाहेर वर चढत जाणारी पुठ्ठ्याचीच एक पट्टी उभी चिकटवा. ती फऱ्याची कड. तिचं बाहेरचं टोक त्रिकोणाच्या बाहेर काढा आणि पुढे वळवा, ते ॲक्रोमियन. जाड तारेचा १५ सेंटिमीटरचा तुकडा एसच्या वळणाने वाकवा आणि ॲक्रोमियनला बांधा. आता हा जोड पाण्याच्या पालथ्या माठावर ठेवून फिरवा. फरा कुठेही सपाट बसत नाही, तो माठाच्या गोलाईवर सरकतो आणि सरकताना त्याची दिशाही बदलते. माणसाची छाती माठाइतकी गोल नसते, पुढून-मागून चपटी असते, त्यामुळे माठावर फरा जरा जास्तच वळलेला दिसेल. तेवढं वजा करा.

सांगाडा बघायला मिळाला तर उत्तमच. ज्युनिअर कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकचा असतो. पण जपून. असल्या सांगाड्यात फरा तारेने किंवा स्क्रूने लटकवलेला असतो आणि तो बऱ्याचदा पाठीला सपाट, खाली घसरलेला किंवा बरगड्यांपासून लांब असतो. त्या सांगाड्यावरून हाडाचा आकार घ्या, जागा घेऊ नका. जागा जिवंत माणसावरून. छोटे, टेबलावर ठेवायचे सांगाडे तर क्लॅव्हिकलचं वळणही नीट दाखवत नाहीत. मटणाच्या दुकानातून बोकडाचा फरा आणून उकळून स्वच्छ केला तर त्याची पापुद्र्याइतकी पातळ पाटी आणि तिच्यावर उभी राहिलेली कड हातात घेऊन बघता येते. उजेडासमोर धरा, मधला भाग किती पातळ आहे ते कळेल. पण त्याचा लांबट अरुंद आकार माणसाच्या पाठीवर काढू नका.

समोरून

छातीची पेटी काढा: वर अरुंद, खाली रुंद, उंची दीड डोकं, रुंदी सव्वा. मधली रेघ टाका. ती पेटीच्या पृष्ठावरून वळत जायला हवी, कागदावरून सरळ नाही. खळग्याची खूण, फटीच्या दोन गाठी. मग ॲक्रोमियनच्या दोन खुणा, पेटीच्या बाहेर आणि थोड्या मागे. आता गाठ आणि ॲक्रोमियन क्लॅव्हिकलने जोडा.

सैल उभ्या माणसात क्लॅव्हिकलचं बाहेरचं टोक आतल्या टोकाहून किंचित वर असतं. उतरत्या खांद्यांच्या माणसात ते जवळजवळ आडवं. दोन्ही बाजूंना सारखी चढण देऊ नका. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर त्या बाजूचा खांदा खाली येतो आणि नितंब वर जातो, तेव्हा दोन क्लॅव्हिकलची चढण वेगळी असते. दोन ॲक्रोमियनमधून आधी एक हलकी रेघ मारा, तिचा तिरपेपणा ठरवा, मगच क्लॅव्हिकल बसवा.

क्लॅव्हिकल मागे झुकलेलं असल्यामुळे समोरून ते पूर्ण लांबीचं दिसत नाही. ३० अंशांनी मागे गेलेलं १५ सेंटिमीटरचं हाड समोरून सुमारे १३ दिसतं. फरक लहान आहे, म्हणून समोरून कोणी चुकत नाही. चुकतात ते तीन चतुर्थांश बाजूने. समजा माणूस ३० अंश वळला आणि त्याचा उजवा खांदा आपल्या जवळ आला. मग उजवं क्लॅव्हिकल कागदाला समांतर होतं आणि पूर्ण १५ दिसतं. डावं मात्र आधीचे ३० आणि हे ३० मिळून ६० अंश मागे जातं आणि निम्मंच उरतं, साडेसातच्या आसपास. एक क्लॅव्हिकल दुसऱ्याच्या दुप्पट. विद्यार्थी भीत भीत थोडंसं आखूड करतात आणि दूरचा खांदा पुढे आल्यासारखा, छाती सपाट झाल्यासारखी दिसते. निम्मं म्हणजे निम्मं करा. त्या दूरच्या क्लॅव्हिकलचं वळणही दाबलं जातं. पुढचा फुगवटा बाहेरच्या भागाला झाकतो, म्हणून तिथे एकसलग रेघ न काढता दोन तुकडे एकमेकांवर चढवा.

ॲक्रोमियनच्या खाली दंडाच्या हाडाचा गोळा बसतो. त्याचा व्यास पाच सेंटिमीटरला थोडा कमी, डोक्याचा पाचवा हिस्सा. गोळा ॲक्रोमियनच्या बरोबर खाली नसतो. त्याची बाहेरची गाठ ॲक्रोमियनच्याही बाहेर येते, आणि खांद्याची सगळ्यात बाहेरची हाडाची जागा तीच. डेल्टॉइडची गोलाई तिच्यावरून येते. ॲक्रोमियनलाच बाहेरची कड समजलं तर खांदा खुंटीसारखा टोकदार दिसतो. फऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या उथळ वाटीत टेकलेला हा गोळा आहे, म्हणूनच हात इतका फिरतो आणि म्हणूनच तो निखळतोही.

पाठीमागून आणि बाजूने

पाठ काढताना आधी मणक्याची रेघ, मानेचा सातवा, मग दोन्ही फऱ्यांच्या आतल्या कडा. सैल उभ्या माणसात ही कडा जवळपास उभी असते, खालचं टोक किंचित बाहेर. नंतर फऱ्याची कड. ती रेघ नाही, फळी आहे. तिला वरची बाजू आहे, खालची बाजू आहे आणि जाडी आहे. तिच्या वर फऱ्याचा लहान भाग, खाली मोठा. बारीक माणसात ती उंचवटा म्हणून दिसते. पैलवानात उलट: वर-खालचे स्नायू फुगलेले, त्यामुळे ती खाचेत गेल्यासारखी. धुळ्या-जळगावच्या आखाड्यात पैलवान काढायला जाणार असाल तर हे आधीच माहीत हवं, नाहीतर ओळखीचा उंचवटा शोधत बसाल आणि तिथे खड्डा निघेल.

बाजूने क्लॅव्हिकल फार आखूड दिसतं, कारण जवळपास टोकाकडूनच बघतो आहोत. मानेचा सातवा मणका वर-मागे, गळ्याचा खळगा खाली-पुढे. ही तिरपी रेघ आधी टाकली की मान आपोआप पुढे झुकते. फरा बाजूने पाहता छातीच्या मागच्या उताराला टेकलेला, वरचा भाग किंचित पुढे. बस्स, बाजूचं एवढंच.

हात हलला की

इथे एक प्रमाण पाठ करावं: हात बाजूने वर उचलताना दर तीन अंशांपैकी दोन दंडाचं हाड फऱ्याच्या वाटीत फिरून देतं आणि एक फरा स्वतः वळून देतो. हात पूर्ण वर म्हणजे १८० अंश. त्यात दंडाचे १२० आणि फऱ्याचे ६०. सुरुवातीच्या साधारण ३० अंशांत फरा फारसा हलत नाही, नंतर त्याचा हिस्सा वाढत जातो.

कागदावर याचा अर्थ असा. हात आडवा, जमिनीला समांतर: फऱ्याची आतली कडा उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश तिरपी, खालचं टोक बाहेर सरकलेलं. हात पूर्ण वर: कडा ६० अंश तिरपी, खालचं टोक काखेच्या बाजूला येऊन बरगड्यांच्या कडेवर उंचवटा करतं. समोरून पाहिलं तरी काखेखाली तो फुगवटा दिसू शकतो. बरेच जण तो स्नायू समजून भलतीकडेच काढतात.

क्लॅव्हिकलचं बाहेरचं टोक वर चढतं आणि हाड स्वतःभोवती मागे फिरतं. ॲक्रोमियन हाताबरोबर कानापर्यंत जात नाही. दंडाचा गोळा त्याच्या खालून फिरतो, आणि वर जमलेल्या डेल्टॉइडमुळे ॲक्रोमियनच्या जागी उलट खळी पडते. हाताची लांबी चुकते ती याच ठिकाणी. हात खाली असतानाच्या खांद्याच्या खुणेपासून मोजलं की वर केलेला हात आखूड पडतो. आधी फरा ६० अंश वळवा, वाटी कुठे गेली ते बघा, गोळा तिथे ठेवा, आणि तिथून दंड मोजा. दंड कोपरापर्यंत दीड डोक्याला थोडा कमी.

खानदेशात कानबाई देवीच्या विसर्जनाला डोक्यावर कानबाई घेऊन दोन्ही हातांनी धरलेल्या आयाबाया चालतात, तिथे हात वर केलेले खांदे एका ओळीत बघायला मिळतात. साडी-चोळीत हाडं दिसणार नाहीत, पण दोन्ही क्लॅव्हिकलची चढण आणि मानेजवळ आखूड झालेली जागा दिसते. गर्दीत फोटो काढताना विचारून काढा.

हात पुढे आला, म्हणजे कुऱ्हाड मारताना किंवा दोन्ही हात छातीवर घट्ट बांधताना, फरा मणक्यापासून लांब जातो आणि छातीच्या बाजूला वळतो. दोन फऱ्यांमधली पाठ रुंद, ताणलेली. हात मागे गेले की फरे जवळ येतात, मधे खोल घडी पडते.

ओझ्याचा खांदा वेगळाच अभ्यास आहे आणि त्यासाठी रावेर-सावदा पट्ट्यात केळीच्या कापणीला बसण्यासारखी जागा नाही. वीस किलोच्या आसपासचा घड खांद्यावर घेतला की त्या बाजूचा खांदा ओझ्याखाली दबत नाही, उलट वर उचललेला असतो. स्नायू आवळून ओझ्याला आधार देतात, मान दुसऱ्या बाजूला झुकते, दुसरा खांदा खाली जातो. घड हातात लोंबकळत धरला असेल तर त्याच बाजूचा खांदा खाली खेचला जातो आणि क्लॅव्हिकल आडवं होतं, कधी बाहेरच्या टोकाला उतरतंसुद्धा. चित्रात ओझं जड आहे हे चेहऱ्यावरून दाखवण्यापेक्षा दोन क्लॅव्हिकलच्या चढणीतल्या फरकाने दाखवा. मजूर थांबणार नाहीत. दोन मिनिटांत फक्त चार खुणा आणि ॲक्रोमियनची तिरपी रेघ टिपा, बाकी घरी. घरी कोणाला मॉडेल म्हणून बसवलंत तर "हात वरच ठेव भो" म्हणून पाच-पाच मिनिटं ताटकळवू नका. हात वर धरून दोन मिनिटांत खांदा खाली यायला लागतो, आणि तुम्ही एका पोझची दोन वेगळी हाडं एकाच चित्रात काढून बसता.

सराव

वर्तमानपत्रातले कुस्तीचे, कबड्डीचे, पोहण्याचे फोटो घ्या. वर ट्रेसिंग पेपर ठेवून लाल पेन्सिलने चार खुणा करा, मग क्लॅव्हिकल आणि फरा अंदाजाने पूर्ण करा. फोटो काढून टाका आणि नुसता ट्रेसिंग बघा. हाडांची जोडी छातीवर बसल्यासारखी वाटली पाहिजे. नुसती तरंगत असेल तर छातीची पेटी काढलेली नाही, हे हमखास कारण. दोन्ही फरे सारखेच दिसत असतील तर माणसाचं वळण तुम्ही बघितलं नाही.

मग उलट करा. हाडं आधी, कुठलाही फोटो न बघता: हात वर, हात पुढे, एक हात वर एक खाली. त्यावर कातडी चढवा. हे कठीण आहे आणि खरी परीक्षा हीच.

जळगावकरांना अजिंठा जवळ आहे, म्हणून एक सांगायला हवं: हाडं शिकायला तिथे जाऊ नका. तिथल्या आकृत्यांत खांदा आणि बाहू हत्तीच्या सोंडेसारखा सलग वाहतो, ही भारतीय परंपरेची जाणूनबुजून केलेली निवड आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या खांद्यावर ॲक्रोमियन शोधत बसणं व्यर्थ. तिथे रेघ शिका. हाडं माहीत असलेल्या हाताला ती रेघ किती धाडसाची आहे ते जास्त कळतं.

शेवटचं चित्र

लाल हाडं शेवटच्या चित्रात जशीच्या तशी ठेवली तर प्रत्येक माणूस उपाशी दिसतो. कातडीच्या लगेच खाली असतात ते क्लॅव्हिकल, ॲक्रोमियन आणि फऱ्याची कड. यांनाही सगळीकडे सारखी रेघ नको. क्लॅव्हिकलचा आतला जाड भाग वरच्या उजेडात चमकतो, बाहेरच्या वळणाखाली सावली खोल. ॲक्रोमियनवर छोटासा सपाट उजेड. फऱ्याची आतली कडा आणि खालचं टोक स्नायूंखाली असतात, तिथे रेघ अजिबात नको, फक्त छटेत बदल. क्लॅव्हिकलला वरून-खालून दोन्ही बाजूंनी गडद रेघ देणं ही शिकाऊ चित्राची खूण. एका बाजूची रेघ काढा, दुसरी सोडा.

एका बाजूने येणारा उजेड हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचं ऊन डोक्यावरून इतकं सरळ येतं की क्लॅव्हिकलच्या खाली आणि वर सारखेच काळे खड्डे पडतात. सकाळी आठ-नऊपर्यंत ओसरीत, दाराच्या उजेडात बसा.

कपड्यातला माणूस काढायचा असेल तर हाडं विसरू नका, कारण कापड लटकतं ते हाडांवरूनच. बंडी, सदरा, उपरणं, सगळ्यांच्या घड्या मानेच्या सातव्या मणक्यापासून आणि ॲक्रोमियनपासून सुटतात. मात्र रेडीमेड शर्टाची खांद्याची शिवण बहुतेक वेळा ॲक्रोमियनच्या खाली, दंडावर उतरलेली असते. त्या शिवणीला खांद्याचा शेवट धरला की खांदे रुंद होतात आणि हात आखूड. शिवण दिसली की तिच्या आतल्या बाजूला ॲक्रोमियनची लाल खूण आधी करून घ्या, मग बाही काढा.